खरवडवर्ग

मावशीच्या घरात पॉलिश शाबूत असलेली एकच लाकडी वस्तू उरली होती, आणि ती काकांच्या खोलीत होती.

बाकी सगळं सोलून झालं होतं. जेवणाचं टेबल, सहा खुर्च्या, पलंग, चपलांचं रॅक, आरशाची चौकट, एवढंच काय, भिंतीवरच्या घड्याळाची पेटीसुद्धा. दोन वर्षांपूर्वी मावशी शाळेतून पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातल्या एका स्टुलाचा हिरवा ऑइलपेंट सहज म्हणून खरवडला. खाली सागवान निघालं. नवख्या माणसाला पहिला डाव जिंकू देऊ नये म्हणतात ते उगीच नाही. त्या दिवसापासून तिची खात्रीच पटली की जगातल्या प्रत्येक रंगाखाली सागवान आहे आणि ते कुणीतरी मुद्दाम दडवलंय.

काका म्हणजे तिचे यजमान. ते भूमापन खात्यात नकाशे काढायचे, तेही आता निवृत्त. घरात त्यांचा आवाज साधारण फ्रीजइतका होता. चालू असायचा, पण बंद पडल्याशिवाय कुणाच्या लक्षात यायचा नाही.

मी मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन नोकऱ्यांचे अर्ज पाठवत त्या वर्षी त्यांच्याकडे राहत होते. मावशीने मला तिच्या शनिवारच्या वर्गाची शास्त्रीय सल्लागार नेमलं. पगार नव्हता. अनुभव मिळेल, असं ती म्हणाली.

वर्गाचं नाव 'मूळ लाकूड'. काका त्याला खरवडवर्ग म्हणायचे, पण मावशी बाथरूममध्ये असताना. दर शनिवारी सकाळी नऊ ते बारा गॅरेजमधून गाडी बाहेर काढली जाई आणि दहाबारा माणसं आपापल्या घरचं फर्निचर घेऊन येत. दोन जावा एकच टीपॉय आणायच्या आणि त्याच्या दोन टोकांना बसून एकमेकींशी अवाक्षर न बोलता खरवडायच्या. एक निवृत्त हेडमास्तर होते. ते खरवडायचे कमी आणि मावशीचं वाक्य न् वाक्य वहीत उतरवायचे जास्त. वर्गातला सगळ्यात कुशल हात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा होता. त्या स्वतःची हत्यारं आणायच्या, आणि नक्षीच्या खाचेतला जुना रंग त्यांनी काढायला घेतला की बघणाऱ्याच्या दाढेत कळ यायची.

मावशीची दोन वाक्यं ठरलेली होती. पहिलं, "रंग म्हणजे लाकडाच्या तोंडून वदवलेलं खोटं." दुसरं, "लाकडाला श्वास घेऊ द्या."

"तोडलेलं लाकूड श्वास घेत नाही," मी एकदा म्हटलं. "हवेतली ओल घेतं आणि सोडतं, इतकंच."

"तेच ते, तुमच्या भाषेत," मावशी म्हणाली. हेडमास्तरांनी दोन्ही लिहून घेतलं.

माझं काम तपासणीचं. पॉलिश कोणतं आहे ते कळल्याशिवाय ते काढायला घेऊ नये. लाखेच्या चपड्याचं पॉलिश स्पिरिटने चिकट होतं, लॅकरचं थिनरने सुटतं, तेलरंग दोघांनाही दाद देत नाही. म्हणून वस्तूच्या सहसा न दिसणाऱ्या भागात एक इंच लांब, एक इंच रुंद चौकोन आखायचा, कापसाने आधी स्पिरिट, मग थिनर लावायचं, बोळ्यावर काय आलं ते नोंदवायचं आणि शेवटी साबणाच्या पाण्याने पुसून जागा स्वच्छ करायची. ही पद्धत मी बसवली होती. अठ्ठावीस वस्तूंवर ती एकदाही चुकली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला तिचा थोडा माजच आला होता.

एकोणपन्नासाव्या शनिवारी हेडमास्तरांनी हात वर केला.

"मॅडम, एक शंका. मघाशी हात धुवायला आत गेलो होतो. उजवीकडच्या खोलीत एक गडद कपाट दिसलं. चकाकत होतं."

वर्ग थांबला. एरवी इतकी शांतता गॅरेजमध्ये फक्त डॉक्टरीणबाई "आ करा" म्हणून चुकून खुर्चीशी बोलायच्या तेव्हा पसरायची.

"ते शिसवी आहे," मावशी म्हणाली. "आमच्या लग्नापासूनचं. ह्यांच्या घरचं."

"म्हणजे पॉलिशच्या आत अस्सल शिसव गुदमरतंय?" हेडमास्तरांनी विचारलं. ते मावशीच्याच भाषेत विचारत होते, त्यामुळे तिला पळवाट उरली नाही. "शेवटी दिव्याखालीच अंधार," असं एक जाऊ पुटपुटली, आणि दुसरी जाऊ, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, "हो ना" म्हणाली.

मावशीने हातातली खरवडायची पाती पुसली. "पन्नासाव्या शनिवारी ते कपाट इथे येईल. सगळ्यांसमोर मी स्वतः काढीन. शिसव म्हणजे काय असतं ते बघा."

दुपारी जेवताना तिने काकांना सांगितलं. काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते पान त्यांनी वाचलेलं नव्हतं, कारण त्यांचा चष्मा टेबलावर होता.

"राहू दे की ते एक," ते म्हणाले.

"का राहू दे?"

"सवय आहे."

"अहो, सवय काय! खाली शिसव आहे, शिसव. लोक शिसवासाठी जीव टाकतात आणि तुम्ही त्याला चिखलात बुडवून ठेवलंय." मग माझ्याकडे वळून, "शास्त्रज्ञबाई, येत्या गुरुवारी तपासणी करून टाक."

काका पाणी प्यायले, आणि ग्लास रिकामा झाल्यावरही थोडा वेळ पीत राहिले.

गुरुवारी मावशी वर्गासाठी पॉलिश पेपर आणायला गेली. मी कापूस, बाटल्या आणि वही घेऊन काकांच्या खोलीत गेले. तोवर ते कपाट मी नीट पाहिलंच नव्हतं. पुरुषभर उंच, दोन दारांचं, खाली दोन खण. दारांवर जवळजवळ काळ्या रेघा तांबूस तपकिरीतून वर चढत होत्या, एका जागी गाठीला वळसा घालत होत्या आणि पुन्हा एकत्र येत होत्या. त्या लाकडावर नजर ठेवली की ती आपोआप रेघेबरोबर वर जायची.

"आज नको गं पोरी," काका दारातून म्हणाले. "हवा दमट आहे."

"दमटपणा बावन्न टक्के आहे काका. साठपर्यंत चालतं."

"मग लाईट जाईल."

"तपासणीला लाईट लागत नाही."

ते उभे राहिले, मग म्हणाले, "मी जरा चालून येतो," आणि खरंच गेले. पायात एक त्यांची चप्पल होती आणि एक माझी.

डाव्या दाराच्या आतल्या कडेला, बिजागरीखाली, मी चौकोन आखला. स्पिरिट लावलं. बोळ्यावर मधासारखा पिवळा रंग आला. चपडा, म्हणजे अपेक्षेप्रमाणे. थिनरने वेगळं काही झालं नाही. मी वहीत दोन्ही नोंदवलं आणि साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवला.

लाकडाच्या रेघा बोळ्यावर आल्या.

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहिलं, कारण दुसरं कसं लिहावं ते सुचेना. बोळा तपकिरी झाला होता आणि चौकोनात एकसुद्धा रेघ उरली नव्हती. उरला होता सपाट, गेरूसारखा तेलरंग. मी त्याच्या एका कोपऱ्यावर नखाने दाबलं. टवका उडाला आणि खाली पांढरट, मऊ, हलकं लाकूड दिसलं. नख त्यात रुतलं. शिसवात नख रुतत नाही. मग मी खालचा खण पूर्ण बाहेर ओढून त्याची मागची फळी पाहिली. तिच्यावर छापलेली अक्षरं होती, 'ही बाजू वर', आणि शेजारी एक बाण होता. बाण जमिनीकडे होता.

पद्धत चुकली नव्हती. पद्धतीने बरोबर उत्तर दिलं होतं. फक्त उत्तर मिळवताना तिने एक चौरस इंच शिसव धुऊन टाकलं होतं.

"झालं?" मागून काकांचा आवाज आला. ते फार लांब गेलेच नव्हते.

मी बोळा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, खिडकीशी नेला, आणि बोळ्याकडे असे बघत राहिले की मला कारण नसताना "सॉरी काका" म्हणावंसं वाटलं. खरं तर कारण होतं.

"माझ्या वडिलांचं काम आहे," ते पलंगावर बसत म्हणाले. "लाकडाचे रंगारी होते ते. म्हणजे लाकूड रंगवणारे नव्हे. लाकूड *काढणारे*. तेव्हा लोखंडी तिजोऱ्या, दवाखान्यांची पत्र्याची दारं, सगळ्यांवर लोकांना लाकूड हवं असायचं. बाबा शिरक्यात, व्हिनेगर गं, साखर आणि रंगाची भुकटी कालवायचे आणि पत्र्यावर सागवान उगवायचं."

"आणि हे?"

"माझं लग्न ठरलं तेव्हा घरात कपाट नव्हतं. बाजारातून माल येतो ना, त्या खोक्यांची फळकुटं आणली आणि ठोकलं. मग अठरा दिवस हे." त्यांनी दाराकडे हनुवटी केली. "वखारीत शिसवाची एक फळी होती. बाबा रोज सकाळी जाऊन तिच्यासमोर उभे राहायचे आणि घरी येऊन आठवेल तितकी काढायचे. शेवटी वखारवाल्याने विचारलं, घेणार आहात का? बाबा म्हणाले, घेतली."

"मावशीला माहीत नाही?"

"पहिल्या दिवशी तिने विचारलं, शिसवी आहे का? बाबा शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी हो म्हटलं. म्हटलं, नंतर सांगू." ते थोडं हसले. "नंतर तिने तिच्या माहेरी सांगितलं. मग शाळेत सांगितलं. दरवर्षी सांगायला जास्त अवघड होत गेलं. आता शनिवारी ती पाती घेऊन बाबांना भर वर्गात खरवडून टाकणार, आणि खालून खोकं निघणार. म्हणजे बाबा जाणार ते जाणार, वर मी खोटारडा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

मी शास्त्राची विद्यार्थिनी. कुठल्याही मोजणीचा आकडा मी आजवर बदललेला नाही. ते मी त्यांना सांगितलं.

"खोटं बोल असं कुठे म्हणतोय मी? विचारेल तेवढंच सांग."

मग त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा एक जुना डबा काढला. आत दात झिजलेला लोखंडी कंगवा, दोन पिसं, कापडाच्या चिंध्या आणि भुकटीच्या पुड्या होत्या. मावशी यायला दीड तास होता. शिरका स्वयंपाकघरातून मी आणला. काका माप न घेता ओतायला लागले तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि मोजलं: शिरका पंधरा मिलिलिटर, साखर पाव चमचा, भुकटी चिमूटभर. चिमटीचं वजन करायला वेळ नव्हता.

गेरूचा टवका त्यांनी आधी बुजवला. मग चौकोनावर पाणीदार तपकिरी रंग फासला आणि कंगवा ओढला. बघितलं, पुसलं. पुन्हा ओढला, पुसलं. तिसऱ्यांदा कंगवा ओढून पिसाच्या टोकाने एक रेघ जराशी हलवली, आणि तिथे एकदम लाकूड आलं. मी भिंग लावलं.

"भिंगाखाली फरक कळेल," काका म्हणाले. "बाबांची रेघ थांबत नाही. माझी विचार करायला थांबते."

रात्रीपर्यंत ते वाळलं, सकाळी त्यावर चपड्याचे दोन हात दिले. मावशीला ते दिसलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात मी इतकी हुशार निघेन असं मला वाटलं नव्हतं.

शुक्रवारी ती स्वयंपाकघरात मला म्हणाली, "हं, काय निघालं?"

"वर चपड्याचं पॉलिश आहे."

"ते मलाही दिसतं. निघेल ना नीट?"

मी आयुष्यातलं सगळ्यात काटेकोर वाक्य बोलले. "पॉलिश काढलं तर शिसव उरणार नाही."

मावशी विचारात पडली. मागे ओट्याशी काका कप विसळत होते, तो एकच कप त्यांनी तीनदा विसळला.

"नाजूक आहे म्हणजे," मावशी म्हणाली. "जुनं शिसव असतंच तसं. मग स्पिरिट नको, काही नको. हलक्या हाताने नुसती पाती चालवीन. बरं झालं सांगितलंस."

शनिवारी सकाळी कपाट गॅरेजमध्ये न्यायचं होतं. शिसव म्हणजे चार माणसं तरी लागतील म्हणून मावशीने शेजारच्या दोघांना सांगून ठेवलं होतं. ते यायच्या आधीच हेडमास्तर आणि मी दोघांनीच ते उचललं. शिसवाची घनता पाण्याच्या थोडीच खाली असते. हे मला तपासणीच्या आधीच सुचायला हवं होतं.

"तब्येत चांगली राखलीत हो तुम्ही!" मावशी हेडमास्तरांना म्हणाली. त्यांनी छाती पुढे काढली आणि कपाट चौकटीवर आदळलं.

बारा जण अर्धगोलात उभे राहिले. मावशीने ओढणी खांद्यावरून कमरेला बांधली. भाषण आटोपशीर होतं: पन्नास शनिवार, अठ्ठावीस वस्तू, गॅलनभर खोटं. "आज माझ्या घरातलं शेवटचं खोटं मी तुमच्यासमोर उतरवतेय," ती म्हणाली आणि पाती उजव्या दाराच्या बरोबर मधोमध, गाठीच्या वळशावर टेकवली.

"थांब," काका म्हणाले.

ते दारात उभे होते. वर्गाने त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. एक जाऊ दुसरीला म्हणाली, "हे कोण?" "मॅडमचे मिस्टर असावेत," दुसरी म्हणाली.

"अहो, काय आहे? वर्ग चालू आहे."

"ते शिसव नाही." काका पुढे आले आणि कपाटाकडे पाठ करून, त्याच्या आणि पातीच्या मधे उभे राहिले. "खोक्याचं लाकूड आहे. बाबांनी वर काढलंय. रंग आहे तो सगळा. मी तुला तेव्हा खोटं सांगितलं."

मावशीने पाती खाली घेतली नाही. "सगळा?"

"त्या गाठीसकट."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वही छातीशी धरली आणि मान डोलावली. विचारलं तेवढंच.

"एकतीस वर्षं," मावशी म्हणाली. "एकतीस वर्षं मी त्याला कुणाला पाठसुद्धा टेकू दिली नाही. ओलं फडकं लावू दिलं नाही मोलकरणीला."

"म्हणून तर टिकलं," काका म्हणाले.

मागे कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. मावशीने काकांच्या खांद्यावरून हात पुढे नेऊन दारावर ठेवला. बोटं रेघेबरोबर वर गेली, गाठीला वळसा घालून पुन्हा खाली आली.

"त्यांची नखं कायम तपकिरी असायची," ती हळू म्हणाली. "मला वाटायचं तंबाखू. दहा वर्षं मी त्यांना सोडा, सोडा म्हणत होते."

"सोडतो म्हणाले होते ना तुला?"

"दरवेळी."

इथे सगळं मिटलं असतं. पण गुरूची विद्या गुरूला फळायची होती. हेडमास्तरांनी घसा खाकरला आणि वहीची पानं मागे उलटली.

"मॅडम, शनिवार तिसरा. आपलं वाक्य: रंग आपल्या माणसाचा असला तरी खोटा तो खोटाच. शनिवार अकरावा: खोटं जितकं सुंदर, तितकी पाती घट्ट धरा." त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा अजिबात नव्हता, फक्त परीक्षेच्या दिवसाचा आनंद होता. "तेव्हा घ्या, मॅडम. आम्ही बघतोय."

"हो, घ्या ना," एक जाऊ म्हणाली. "माझ्या टीपॉयचा सोनेरी काठ काढायला लावलात तेव्हा नाही कुणाचे सासरे आठवले."

बारा माणसं मावशीकडे बघत होती आणि तिच्यासमोर काका उभे होते. त्यांचे दोन्ही हात मागे गेले होते, कपाटाला टेकलेले. पाती आडवी आली असती तर ती त्यांना लागली असती, आणि ते हलले नसते. हे मला दिसत होतं, म्हणजे मावशीलाही दिसत असणार.

मावशी पर्यवेक्षिका होती. कोंडीत सापडलेल्या पर्यवेक्षिका करतात तेच तिने केलं. तिने नवा नियम काढला.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "रंग दोन प्रकारचे असतात. एक फासलेला आणि एक मनापासून केलेला. आपण फासलेला काढतो. केलेल्याला हात लावत नाही."

हेडमास्तरांनी लिहिलं, खाली रेघ मारली आणि हात वर केला. "ओळखायचा कसा?"

सगळ्यांनी शास्त्रीय सल्लागाराकडे पाहिलं.

"तपासणी नाही," मी म्हटलं. "स्पिरिटला दोन्ही सारखेच."

"गप्प बस गं," मावशी म्हणाली. "नजरेला कळतं. ज्याला कळायचं त्याला कळतं."

काकांनी पहिल्यांदा श्वास सोडला. कपाट वाचलं होतं. त्यांचा खोटेपणा बारा माणसांत उघडा पडला होता, पण त्यांच्याकडे बघून वाटत होतं की एकतीस वर्षं पायात असलेला खडा कुणीतरी काढून दिलाय. मी वही मिटली.

"मग माझा पाळणा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या अर्धगोलाच्या टोकाला होत्या. हातात त्यांचं बारीक आकडीचं हत्यार होतं.

"मी इथे आले तेव्हा पहिल्यांदा पाळणा आणला होता. पांढरा. आठवतो का मॅडम? दोन्ही बाजूंना बदकं होती. आमच्या बाबांनी काढलेली, मी व्हायच्या आधी. ते तिकीट-तपासनीस होते, चित्रकार वगैरे नव्हते. तुम्ही म्हणालात, खाली सागवान असेल, मोकळं करा."

"निघालं का सागवान?" हेडमास्तरांनी उत्सुकतेने विचारलं.

"निघालं ना. उत्तम निघालं." त्यांनी हत्याराकडे पाहिलं. "बदकांच्या डोळ्यांतला काळा रंग निघत नव्हता. तो मी याने काढला. तो रंग कोणता होता, मॅडम? फासलेला की केलेला?"

मावशीचं तोंड उघडलं. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला वाक्य असायचं, आणि आता ते शोधताना तिची नजर टीपॉयवरून, सोललेल्या खुर्च्यांवरून, भिंतीला टेकवलेल्या पांढुरक्या चौकटींवरून फिरली. तिथल्या प्रत्येक वस्तूवर कधीतरी कुणीतरी रंग दिलेला होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

पन्नास शनिवारांत हे वाक्य पहिल्यांदाच आलं होतं. हेडमास्तरांचं पेन वहीवर टेकलं आणि तसंच राहिलं. "हे लिहायचं का?" त्यांनी हळूच मला विचारलं.

"लिहा," मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाई रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर कुणीतरी पाणी आणलं असतं आणि सगळ्यांना काम मिळालं असतं. त्या नुसत्या उभ्या होत्या. मी म्हटलं, सांध्यांच्या आत, फळ्या जिथे जुळतात तिथे, रंग थोडा उरतोच, पाळणा आणलात तर भिंगाखाली पांढऱ्याची आणि पिवळ्याची नेमकी छटा सांगता येईल. त्या हो म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. छटा त्यांना आठवत होतीच.

काका टेबलाशी गेले. पॉलिश पेपरचं एक पान उचललं, पालथं केलं आणि खिशातून पेन्सिल काढली. "किती होती?"

"सहा. नाही, सात. एक मागे राहिलेलं होतं."

"मान?"

"आखूड. चोच वर. गळ्यात फीत."

काकांनी काढायला घेतलं. डोंगर, ओढे, बांध, हद्दी त्यांनी तीस वर्षं बिनचूक काढल्या होत्या, आणि कंगव्याने त्यांना शिसवही काढता येत होतं. बदक त्यांनी जन्मात काढलं नव्हतं. मावशी त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. पाती अजून तिच्या हातात होती, पण ती तिने मुठीत मिटून घेतली होती.

"अहो, ही कोंबडी झाली," ती म्हणाली.

काका खोडायला लागले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर हात ठेवला.

"असू दे. बाबांचीही कोंबड्यांसारखीच दिसायची. आम्ही बदकं म्हणायचो इतकंच." त्या वाकून बघत राहिल्या. "पाय मात्र जास्त वाकडे होते."

काकांनी पाय वाकडे केले.

"आणखी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.